ताटाची डावी बाजू

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या काकूंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांच्या खानावळीत इथल्या बऱ्याच जणांची कॉलेजची वर्षं गेली. खानावळ चालवणाऱ्या बाईंची आठवण काढायची आणि विषय घ्यायचा मधुमेहाचा, यात थोडी पंचाईत आहे. पण विचार केल्यावर वाटलं, विषय योग्य ठिकाणीच आला. जेवणानंतर रक्तातली साखर किती चढेल हे बरंचसं ज्याच्या हातात पळी आहे त्याच्या हिशेबानं ठरतं, आणि तो हिशेब आपण कधी नीट मांडत नाही.

मी आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणारा माणूस खुर्चीत टेकायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, "मॅडम, काय बंद करू?" बहुतेकांनी काही ना काही आधीच बंद केलेलं असतं. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, आंब्याकडे बघणं बंद. आणि मग अगदी निर्मळ मनानं चार पोळ्या, गुळाचा चहा, 'शुगर फ्री' लिहिलेली बिस्किटं. जेवणानंतरची साखर २४० येते, तेव्हा तो खरोखर दुखावला जातो. "साखरेला तर मी शिवतही नाही," असं म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला कुणी गणित सांगितलेलं नसतं, म्हणून आज आधी गणितच सांगते.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर १०० म्हणजे एक डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. गुणाकार करा. सगळ्या रक्तात मिळून ५ ग्रॅम होतात. चहाचा एक चमचा! आता ज्वारीची एक भाकरी घ्या, ५० ग्रॅम पिठाची. तिच्यात सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदकं आहेत आणि त्यातलं बहुतेक पिष्ट आहे. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्याच लांब माळा. आतड्यात त्या तुटतात. म्हणजे साऱ्या रक्तात मिळून जेवढं ग्लुकोज आहे, त्याच्या सातपट एका भाकरीतून तास-दोन तासांत आत यायचं आहे. निरोगी शरीर इन्शुलिनच्या मदतीनं ते यकृतात आणि स्नायूंत पोचवतं, रक्तात साठू देत नाही. मधुमेहात इन्शुलिन कमी पडतं, किंवा असून शरीर त्याला दाद देत नाही, आणि आलेलं ग्लुकोज रक्तात रेंगाळतं. जिभेला भाकरी गोड लागत नाही म्हणून आपण तिला साखरेच्या खात्यात धरत नाही. आतडं असा भेद करत नाही.

हे ऐकून कुणी उद्यापासून भाकरी बंद करू नये. भाकरीवर माझा राग नाही. तिच्या शेजारी काय आहे, आणि काय नाही, यावर माझा आजचा सगळा भर आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या सहकार्यानं देशभर मधुमेहाची मोठी पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ साली आले. देशात अंदाजे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर. सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या शेजारी, गोव्यात: २६.४ टक्के, म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून जास्त. त्याच पाहणीतून आपल्या खाण्याचाही हिशेब निघाला. भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि त्यात मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांचा. प्रथिनं फार मागे आहेत. उत्तरेत गहू आणि दक्षिणेत तांदूळ, वाद एवढाच. ताट दोन्हीकडे पिठानंच भरलेलं.

"पण मी तर बारीक आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातलं एक उदाहरण. के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. इंडेक्समध्ये दोघे सारखे, आतून दुपटीहून जास्त अंतर. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपली बाळं जन्मतःच वजनानं कमी, पण चरबीच्या प्रमाणात पुढे, हे त्यातून दिसलं. स्नायू कमी म्हणजे ग्लुकोज ठेवायला जागा कमी. तेव्हा शेजारच्या जाड्या माणसाकडे बघून स्वतःला निर्धोक समजू नका.

आता ज्वारी, नाचणी आणि 'ग्लायसेमिक इंडेक्स'. टोरोंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ साली ही मोजणी मांडली. एखाद्या पदार्थातली ५० ग्रॅम कर्बोदकं खाल्ल्यावर साखर किती चढते, हे ग्लुकोजच्या तुलनेत पाहायचं. कल्पना उत्तम; वापर मात्र आपण जाहिरातीसारखा केला. पदार्थ 'कमी इंडेक्स'चा आहे म्हटलं की कितीही खायचा! इंडेक्स वेग सांगतो, ताटात किती पडलं ते सांगत नाही. शिवाय तोच दाणा कोणत्या रूपात पोटात जातो यावर वेग बदलतो. अख्खा शिजवलेला दाणा हळू पचतो, भरड त्याहून जलद आणि बारीक दळलेलं पीठ आणखी जलद. नाचणीचं नाव घेऊन लोक सकाळी नाचणी सत्त्वाची पातळ लापशी पितात. सत्त्व करताना आपण कोंडा गाळून टाकतो, उरलेलं शिजवून पातळ करतो आणि दोन मिनिटांत गिळतो. तान्ह्या बाळाला पचावं म्हणून ज्या युक्त्या केल्या, त्या सगळ्या मधुमेही आजोबांच्या वाटीत. नाचणीची भाकरी पालेभाजीबरोबर चावून खाल्ली तर गोष्ट वेगळी. चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला जवाचं अन्न सांगितलं आहे. जवातला एक चिकट तंतू साखरेचं शोषण मंदावतो हे आजच्या प्रयोगशाळाही दाखवतात. म्हणून जव चांगलाच, पण त्याच्याही पिठाच्या पाच पोळ्या झाल्या तर तंतू बिचारा काय करणार?

'भात बंद, पोळी चालू' या आपल्याकडच्या लाडक्या पथ्याचंही असंच. पांढऱ्या भातापेक्षा पोळी थोडी हळू चढते, मान्य. पण वाटीभर भात सोडून त्याजागी दोन पोळ्या वाढवल्या, तर कर्बोदकं जवळपास तेवढीच राहतात. कोकण-गोव्यातल्या माणसाचा भात तोडून त्याला पोळीवर बसवणं हा तर मला अन्यायच वाटतो. त्याच्या ताटात मासा असतो, आणि माशात कर्बोदकं नसतात. त्याला फक्त भाताचा डोंगर टेकडीएवढा करायचा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपलं पान वाढण्याचं शास्त्र आठवा. मध्ये वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्यभागी भात आणि पोळी. मांडणी इतकी शहाणी आहे की तिच्यात फारसं काही बाहेरून आणावं लागत नाही. बिघाड झालाय मापांत. डावी बाजू चमचा-चमचाभर, तोंडी लावण्यापुरती. उजवी बाजू बोटं बुडवण्यापुरती. आणि मध्यभाग पोट भरण्यासाठी. अंगमेहनत करणाऱ्याला हे माप एके काळी परवडलं. दिवसभर नांगर धरणाऱ्याचे स्नायू आलेलं ग्लुकोज जाळत होते. आपण खुर्चीत बसतो आणि ताट मात्र नांगरकऱ्याचं वाढून घेतो.

तेव्हा डावी बाजू वाढवा. लोणचं आणि पापड नव्हे, तेही डावीकडेच बसतात म्हणून सांगते! काकडी, मुळा, गाजर, कोबीची पचडी, टोमॅटो-कांदा: चमचाभराऐवजी मोठी वाटी. उजवीकडे पालेभाजी किंवा फळभाजी भरपूर. दोन्ही मिळून अर्धं ताट. पाव ताट प्रथिनांचं: मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठलं, अंडी, मासे, पनीर, दही, ज्याला जे चालेल ते. उरलेल्या पाव ताटात पोळी, भाकरी किंवा भात. 'किंवा' हा शब्द इथे महत्त्वाचा. पोळी, वर भात आणि शेजारी बटाट्याची भाजी म्हणजे तीन नावांनी एकच पिष्ट. उसळीत आणि डाळीतही कर्बोदकं असतातच, पण ती तंतू आणि प्रथिनांच्या संगतीत असल्यानं सावकाश सुटतात. थालीपिठाच्या भाजणीत आजीनं हरभरा डाळ आणि उडीद डाळ भाजून घातली ती चवीसाठी असेल, पण साखरेच्या दृष्टीनंही ती बाई बरोबर होती. त्यात कांदा आणि मेथी चिरून घातली आणि बरोबर दही घेतलं तर आणखी बरं. तेलाचं मी आज बोलत नाही.

मापाइतकाच क्रमही महत्त्वाचा, आणि इथे आपली रीत उलटी आहे. सणाच्या पंगतीत सुरुवात वरणभातानं. भूक सगळ्यात जास्त असते तेव्हा पोटात पहिला जातो मऊ, गरम, झटकन पचणारा भात. न्यूयॉर्कमध्ये अल्पना शुक्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. टाइप २ मधुमेहाच्या ११ लोकांना तेच जेवण दोन वेगवेगळ्या क्रमांनी दिलं. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, दुसऱ्यांदा भाजी आणि कोंबडी आधी, मग १५ मिनिटांनी पाव आणि रस. भाजी-प्रथिनं आधी घेतली तेव्हा तासाभरानं मोजलेली साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी निघाली. ११ माणसं म्हणजे छोटा प्रयोग, पण तसे प्रयोग नंतर इतरत्रही झाले आणि दिशा तीच राहिली. कारणही समजण्यासारखं आहे. तंतू आणि प्रथिनं आधी गेली की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, आतड्यातून इन्शुलिनला वर्दी देणारी संप्रेरकं सुटतात, आणि मागून येणारं पिष्ट एकदम न सुटता थोडं थोडं पुढे सरकतं. आपल्याला यासाठी काही विकत आणायचं नाही. ताट पुढे आलं की आधी कोशिंबीर आणि निम्मी भाजी संपवायची, मग उसळ, मग पोळीचा पहिला घास. अडचण एकच. आपल्याला भाजी पोळीशिवाय खायची सवय नाही, त्यामुळे मीठ-तिखट निम्मं करावं लागतं. ते केलं तर रक्तदाबाचेही लोक खूश होतील.

उपवासाविषयी मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण इथे समोर बऱ्याच बायका बसल्या आहेत. साबुदाणा हे टॅपिओका कंदाचं जवळपास निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम साबुदाण्यात ८७-८८ ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं नावालाही नाहीत. खिचडीला थोडं सावरून धरतं ते शेंगदाण्याचं कूट. त्या खिचडीत बटाटा, बरोबर रताळ्याचा कीस आणि वर केळं. एकादशीच्या दिवशी इतर दिवसांपेक्षा जास्त पिष्ट खाणारी माणसं मी रोज पाहते. भगर बरी म्हणावी तर तीही शेवटी धान्यच आहे. उपवास करू नका, असं मी कुणाला सांगत नाही. श्रद्धेचा तो प्रांत माझा नाही. उपवासात चालणाऱ्या वस्तूंमध्ये दही, ताक, दूध, शेंगदाणे, काकडी, राजगिरा आहेत; त्यांचा वाटा वाढवा आणि साबुदाणा चमच्यांनी मोजा, एवढंच सांगते.

आणि आता जे सांगते ते पुरुषांनी ऐकावं. घरात पुरुषाला मधुमेह निघाला की दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी वेगळी भाजी शिजते, मेथ्या भिजतात, चहा बिनसाखरेचा होतो. बाईला निघाला की ती सगळ्यांसाठी तेच करते आणि स्वतः सगळ्यात शेवटी जेवते. तोवर कोशिंबीर संपलेली असते, उसळ पोरांनी संपवलेली असते, आणि पातेल्यात भात उरलेला असतो. तो टाकवत नाही म्हणून ती खाते. माझ्या टेबलासमोर बसून तीच बाई अपराधी चेहऱ्यानं म्हणते, "माझं पथ्य होत नाही हो." पथ्य तिचं एकटीचं करून ठेवलं तर होणारच नाही. मधुमेही माणसाचं वेगळं ताट ही कल्पनाच मला मान्य नाही. वर सांगितलेलं ताट घरातल्या कुणालाही अपायकारक नाही. मुलांना तर ते आजच हवं आहे. सगळ्या घरानं ते घेतलं तर टिकतं. एकाचं वेगळं काढलं तर चार महिन्यांत मोडतं, आणि बाईचं चार दिवसांत.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. मजूर बाईला मी सॅलड खा म्हटलं तर ती माझ्यावर हसेल, आणि ते योग्यच होईल. तिच्या आवाक्यात हरभरे, मटकी, हुलगे, अंडं आणि ताक असतं, हंगामात पालेभाजीची जुडी असते. दोन भाकऱ्या आणि ठेच्याऐवजी एक भाकरी आणि वाटीभर हुलग्याची उसळ, इथून सुरुवात होऊ शकते. बाजारातल्या 'मधुमेहींसाठी खास' पिठांवर आणि बिस्किटांवर पैसे घालवायची गरज कुणालाच नाही. गुळाचंही तेच. गूळ बहुतांशी साखरच आहे, आणि मधुमेहात त्याच्या रंगामुळे काही फरक पडत नाही.

आंब्याचं आता सांगूनच टाकते, नाहीतर प्रश्नोत्तरांत पहिली चिठ्ठी तीच येईल. मध्यम हापूसच्या गरात साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका फुलक्याएवढी. एक फुलका कमी करून जेवणाच्या शेवटी आंब्याच्या फोडी चावून खाणं साखर आटोक्यात असलेल्या बहुतेकांना जमतं. आमरस-पुरीत मात्र तीन-चार आंबे पातळ होऊन वाटीत येतात आणि बरोबर पुऱ्यांची चळत असते. तिथं कुठलंच गणित उपयोगी पडत नाही.

जेवणानंतर चाला. शतपावली ही आपली जुनी रीत उत्तम आहे, फक्त शंभरावर थांबू नका. शंभर पावलं मिनिटभरात संपतात. काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतो, त्यामुळे साखर चढत असतानाच पाय हलले तर चढण कमी होते. अमेरिकेत ज्येष्ठांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चालणं उपयोगी ठरलं, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतर. ज्यांना लोकलच्या प्रवासामुळे रात्री दहाला जेवावं लागतं, त्यांनी पोळी-भात संध्याकाळी सातच्या डब्यात खाऊन रात्री घरी भाजी-डाळ खाल्ली तर फरक पडतो.

दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत संपवा, हा डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रात घरोघरी नेला. माझं मत विचारतात म्हणून सांगते. मधल्या वेळचा चहा-बिस्किट, फरसाण, 'थोडंसं' पोहे हे सगळं त्यामुळे सुटतं, आणि कित्येकांना तेवढ्यानंच गुण येतो. पण त्या दोन जेवणांत काय आहे हा प्रश्न राहतोच. दर दोन तासांनी खा म्हणणाऱ्यांनाही मी तोच प्रश्न विचारते.

मधुमेह जातो का? ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांनी केलेल्या चाचणीचे निकाल २०१७ साली आले. टाइप २ मधुमेहाचं निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या, वजन जास्त असलेल्या लोकांना काही महिने दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे उष्मांकांवर ठेवलं, तेही वैद्यकीय देखरेखीखाली. वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली आले. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून अधिक उतरलं, त्यांच्यात ८६ टक्के. दोन वर्षांनी हा ४६चा आकडा ३६वर आला. या दोन आकड्यांमधलं अंतर लक्षात ठेवा आणि 'कायमचा मधुमेहमुक्त' असं छापलेली पत्रकं बाजूला ठेवा.

स्वतःचा पदार्थ स्वतः तपासा. इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं २०१५ साली ८०० लोकांवर केलेल्या अभ्यासात एकाच पदार्थानं वेगवेगळ्या माणसांची साखर फार वेगवेगळी चढलेली दिसली. ग्लुकोमीटर असेल तर आकडे जोडीनं घ्या: जेवणाचा पहिला घास घेण्याआधी एक, आणि त्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसरा. नुसता सकाळचा उपाशीपोटीचा आकडा पाहून पोह्यांनी काय केलं ते कळत नाही. आज पोहे नेहमीसारखे, परवा निम्मे पोहे आणि त्यात मोड आलेले मूग, बरोबर अंडं. चार दिवसांत तुमच्या हाती जे येईल ते माझ्या कुठल्याही तक्त्यापेक्षा तुमच्या कामाचं असेल.

एक ताकीद देऊन थांबते. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना ताटातलं पिष्ट एकदम निम्मं केलं, तर औषध जुन्याच मापाचं राहतं आणि साखर धोकादायक खाली जाते. काही नव्या गोळ्यांवर असताना कर्बोदकं फार तोडली तर वेगळाच धोका असतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे विचारून ठरवावं लागतं. तेव्हा ताट बदलण्याआधी औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा आणि काय बदलणार आहात ते सांगा. घाम, थरथर, डोकं हलकं होणं आणि आकडा ७० च्या खाली, असं झालं तर लगेच तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून प्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर उशिरा चढते. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता त्याला थेट दवाखान्यात न्या.